हजाराला पाच कमी

तीर्थस्वरूप आत्या,



काल दादाचा फोन आला. सहस्रचंद्रदर्शनाचा विषय काढला की तू म्हणे उठून आत जातेस. 'जगत राहिले, त्यात माझं काय कर्तृत्व? त्याला कसला पाट नि कसलं ओवाळणं?' हे वाक्य तुझंच, ते दादानं सांगायलाही नको होतं. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस. 'बिल चढतंय' म्हणतेस आणि ठेवून देतेस. आता बिल चढत नाही, हे किती वेळा सांगायचं? म्हणून लिहिते आहे. पत्र तरी तुला मध्येच ठेवून देता येणार नाही.

तुला एका माणसाचा हिशेब सांगायचाय. तो जन्मला इ. स. ६०३ च्या मार्चमध्ये आणि गेला ६८३ च्या ऑगस्टमध्ये. त्याच्या लोकांनी दोन्ही तिथ्या दगडात कोरून ठेवल्यात, त्यामुळे मधले दिवस मोजता येतात. २९,३७८ भरतात. त्यांत पौर्णिमा किती बसतात तेही मी काढलं. ९९५. हजाराला पाच कमी! अडुसष्ट वर्षं गादीवर बसलेल्या राजाला ते पाच चंद्र काही मिळाले नाहीत. तुला मिळतायत, आणि तू पाटावर बसायला नाही म्हणतेस.

कोण ते ओळखलंस ना? आपला विमानवाला राजा.

लग्नसराई संपून छापखाना थंडावला होता, बाहेर आषाढाची झड लागली होती आणि तू वाचनालयातून ते पुस्तक घेऊन आलीस. परग्रहावरून कुणी आलं होतं म्हणणाऱ्या डॅनिकेनचं खूळ तेव्हा आपल्या आळीपर्यंत पोचलं होतं. त्या राजाच्या थडग्यावरच्या झाकणाचं चित्र उघडलंस, पुस्तक आडवं धरलंस आणि शाईनं काळं झालेलं तुझं बोट त्यावरून फिरायला लागलं. हा बघ, यानात बसलाय. हात कळीवर. टाच पेडलवर. नाकाला हवेची नळी. आणि मागे बघ, ज्वाळा! दादा आ वासून ऐकत होता. मी तर पुढे कितीतरी दिवस गच्चीत झोपताना आभाळात त्याचं यान शोधायची. याबद्दल तुझे उपकार मानावेत की तुझ्याशी भांडावं? आज दोन्ही करते.

आधी उपकार. आपल्या आळीत कुणाच्या आत्यानं भाचरांना मेक्सिकोतल्या चियापासच्या रानातल्या माया राजाची ओळख करून दिली होती? बाकीच्या आत्या लोणच्याच्या फोडी मोजत होत्या, तेव्हा तू आम्हाला पालेंके हा शब्द दिलास. पुढे मिळेल तिथून मी त्या राजाबद्दल वाचत गेले ते तुझ्यामुळेच. त्याचं पूर्ण नाव किनिच हानाब पकाल. तुझ्या पुस्तकात ते होतं का गं? मला आठवत नाही.

आता भांडण. तू आम्हाला राजा दिलास, पण एकटा दिलास. त्याला आई होती हे सांगितलं नाहीस. त्याचं शहर दोनदा लुटलं गेलं होतं, हे सांगितलं नाहीस. तुझा राजा आभाळातून उतरला नि आभाळात गेला. मधली ऐंशी वर्षं गेली कुठे?

ती इथे गेली. पालेंकेचं त्या काळचं नाव लाकामहा. डोंगर संपून सपाटी सुरू होते त्या काठावर वसलेलं, ओढ्यांनी खळखळणारं शहर. बाकाल नावाच्या राज्याची ती राजधानी. पकाल जन्मला तेव्हा इथे योल इकनाल नावाची बाई स्वतःच्या हक्कानं राज्य करत होती, ५८३ पासून ६०४ पर्यंत. तिच्याच कारकिर्दीत, ५९९ मध्ये, 'सर्प' घराण्याच्या राजांची फौज शहरावर चालून आली. ६११ मध्ये पुन्हा आली. पकाल तेव्हा आठ वर्षांचा. आणि पुढच्याच वर्षी गादीवरचा राजाही गेला, घराण्यातला दुसरा कर्ता पुरुषही गेला. त्या दिवसांबद्दल पालेंकेच्या शिलालेखात जे कोरलंय ते विलक्षण आहे. देवांना द्यायचं ते दिलं गेलं नाही, राणी हरवली, राजा हरवला, अशा अर्थाचं. विजयाचे शिलालेख पृथ्वीच्या पाठीवर पैशाला पासरी मिळतील. पण आम्ही हरलो, देवांचं करायचंही चुकलं, हे दगडात कोरून ठेवणारी माणसं किती असतील?

६१५ च्या जुलैत पकालला गादीवर बसवलं. वय बारा. त्याचे वडील, कान मो हिश, स्वतः कधी राजे नव्हते. हक्क आला तो आईकडून. तिचं नाव साक कूक.

या बाईचं चित्र तू पाहिलेलं नाहीस, आणि माझा खरा राग आहे तो यासाठी. पालेंकेच्या राजवाड्यात एक लंबगोल शिळा भिंतीत बसवलेली आहे. तिच्यावर पकाल दोन तोंडांच्या जॅग्वारच्या आसनावर मांडी घालून बसलाय. अंगावर दागिने बेताचेच. मान वळवून तो शेजारी बघतोय. तिथे थोडी खालच्या बाजूला त्याची आई बसली आहे आणि दोन्ही हातांनी मुकुट पुढे करते आहे. बस, एवढंच. ना फौज, ना बंदी, ना देवांची दाटी. आई देतेय, मुलगा घेतोय.

आणि ही शिळा घडवली केव्हा, माहीत आहे? तो बारा वर्षांचा असताना नव्हे. ज्या इमारतीत ती आहे तिचं वास्तुपूजन म्हणू आपण, ते झालं ६५४ मध्ये. पकाल तेव्हा पन्नाशी ओलांडलेला, आणि आई ६४० मध्येच गेलेली. म्हणजे चांगला मुरलेला, स्थिरावलेला राजा, हातात सगळी सत्ता, कुणाला काही सिद्ध करून दाखवायची गरज उरलेली नाही. आणि तो राजवाड्यात स्वतःच्या राज्याभिषेकाचं चित्र कोरून घेतो तर असं, की मुकुट आईच्या हातात दिसला पाहिजे. हक्क आईकडून आल्याचं चारचौघांत मांडणं त्याच्या सोयीचंही होतं, हे मान्य. राजे उगाच दगड फोडून घेत नाहीत. पण सोय असो की माया, तिचं नाव आणि तिचे हात तिथे आहेत. तेराशे वर्षांहून जास्त काळ आहेत.

आता मला सांग, आपल्या छापखान्याच्या पाटीवर काय होतं?

बाबा गेले तेव्हा दादा आठवीत. आईला दुकानाच्या पायरीपलीकडचं काही ठाऊक नव्हतं. कागदवाल्याची उधारी थकलेली, ट्रेडलचा पट्टा तुटलेला, आणि चुलतघरचे लोक 'बाईमाणसानं छापखाना कसला चालवायचा, विकून मोकळ्या व्हा' म्हणून रोज येऊन बसायचे. त्यांना चहा देऊन तू परत खिळ्यांच्या केससमोर उभी राहायचीस. एकही शब्द न बोलता. मला तो खिळ्यांचा आवाज अजून ओळखता येतो. गावातल्या निम्म्या लग्नांच्या पत्रिका तुझ्या हातांनी जुळवलेल्या. कुणाचं आडनाव चुकलं नाही, कुणाच्या मानपानाचा क्रम चुकला नाही. सगळ्या गावाची नावं जुळवलीस, आणि पाटीवर मात्र आधी बाबांचं नाव, मग दादा बी. कॉम. झाल्यावर पाडव्याला 'प्रो.' म्हणून दादाचं. रंगारी शिडीवर होता आणि तू खालून सांगत होतीस, 'दा' जरा डावीकडे घे. मधल्या वर्षांत छापखाना कोण चालवत होतं? पाटी वाचली तर वाटेल, आपोआप चालत होता.

दादाला या गोष्टीचं वाईट वाटतं, बोलत नाही एवढंच. तू बोलू कुठे देतेस?

असो. राजाकडे येते. गादीवर बसल्यावर पहिली तीस वर्षं त्यानं फारसं काही उभारलेलं दिसत नाही. सापडलेली त्याची पहिली मोठी वास्तू ६४७ मधली, तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा. शहर दोनदा लुटलेलं, घराणं मोडकळीला आलेलं. उभारायला आधी उभं राहावं लागतं, हे तुला मी सांगायला नको. ६२६ मध्ये त्याचं लग्न झालं. राणीचं नाव त्साकबू अहाव. १९९४ मध्ये त्याच्या थडग्याशेजारच्याच एका छोट्या देवळाखाली हिंगुळानं लालभडक झालेली एका बाईची कबर सापडली. ती हीच राणी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मग एकदा बांधायला लागल्यावर मात्र तो थांबला नाही. आईच्या शिळेची ती पांढरी वास्तू, मग ६६१ मध्ये दुसरी, ६६८ मध्ये तिसरी. दुसरीच्या पायऱ्यांवर ६५९ मध्ये पकडून आणलेल्या शत्रूंची नावं आहेत. तो काही संत नव्हता, आत्या. त्याच्या काळात राजानं बंदी आणायचे, रक्त वाहायचं, आणि त्यानं ते केलं.

आता ते झाकण. पुस्तक सरळ धर. ते चित्र उभंच बघायचं असतं.

खाली बघ. तू ज्याला ज्वाळा म्हणायचीस तो पाताळाचा जबडा आहे, हाडांचा, उघडा. त्याच्या वर सूर्याचं पात्र. त्यात गुडघे दुमडून, पाठीवर कलंडलेला पकाल. मक्याच्या देवाचा पेहराव आहे त्याच्या अंगावर. नाकाची नळी म्हणजे नाकातला दागिना. त्याच्या पोटातून उगवल्यासारखं वर गेलंय ते जगाचं झाड. फांद्यांवर दोन तोंडांचा साप आणि शेंड्यावर पक्षी. कडेच्या पट्टीत सूर्य, चंद्र नि ताऱ्यांच्या खुणा. तान्ही मुलं जशी हातपाय वर घेऊन पडतात तसा तो पडलाय, आणि म्हणून आज अनेक अभ्यासक म्हणतात की हा पाताळात पडणारा राजा नव्हेच, मक्याच्या दाण्यासारखा पुन्हा रुजून वर येणारा आहे. आभाळात जायचं चित्र आहे हे तू बरोबरच ओळखलं होतंस. फक्त जाण्याची रीत शेतकऱ्याची आहे, वैमानिकाची नाही.

आणि झाकणावरच थांबू नकोस. डॅनिकेन तिथेच थांबला. त्या दगडी पेटीच्या चारी बाजू बघ. जमीन चिरून दहा आकृत्या वर येतायत, आणि प्रत्येकीच्या पाठीशी एकेक फळझाड. कोको आहे, पेरू आहे, अ‍ॅव्होकॅडो आहे. हे त्याचे पूर्वज. योल इकनाल आहे. आई आहे, दोनदा. कधी राजा न झालेला बापही आहे, तोही दोनदा. झाकणाच्या कडेनं पूर्वजांच्या मृत्यूच्या तिथ्या कोरल्यात. झाकणाच्या टोकांना त्याच्या दरबारातल्या माणसांचे चेहरे आहेत, नावांसकट. मरणाच्या खोलीत राजा एकटा गेला नाही. जिच्यामुळे आणि ज्यांच्यामुळे तो राजा झाला, त्यांची आख्खी बाग घेऊन गेला. तू एक माणूस दाखवलास, आत्या, आणि ती बाग राहून गेली.

ती खोली पिरॅमिडच्या पोटात आहे. दगडी पेटी जिन्यातून खाली नेताच येणार नाही एवढी मोठी. म्हणजे आधी पेटी बसवली, खोली बांधली, आणि मग तिच्यावर पिरॅमिड चढवला. राजाच्या हयातीतच काम सुरू झालं असणार. झाकणच एक ३.८ मीटर लांब नि २.२ मीटर रुंद, अखंड दगडाचं. तुझा सगळा मुद्दा तोच होता ना? 'एवढं माणसांच्या हातून व्हायचं नाही बाई. वरून कुणीतरी आलं असणार.' त्यांच्याकडे लोखंडाचं हत्यार नव्हतं, ओढायला बैल नव्हते, गाडे नव्हते, हे खरं. पण चुनखडीचा डोंगर पाठीशी होता, दोर होता, ओंडके होते, आणि माणसं होती. चुना भाजायला लाकूड होतं. ज्यांनी शहरातला ओढा दगडी कमानीखालून वळवून नेला, आणि त्याची कमान आजही उभी आहे, त्यांना पेटी बसवायला परग्रहावरून मुकादम कशाला मागवावा लागेल?

हां, एक आहे. त्या दगड वाहणाऱ्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. खोलीच्या दाराबाहेर राजासोबत बळी दिलेल्या माणसांची हाडं सापडली, त्यांचीही नाहीत. आईचं नाव लिहिणाऱ्या राजाची वही तिथे बंद होते. म्हणून तर मला जास्त राग येतो. आधीच ज्यांची नावं नाहीत, त्यांचं काम उचलून आपण आभाळातल्यांच्या खात्यावर टाकायचं? मग त्यांचं राहिलं काय? आणि आजही पालेंकेच्या आसपास चोल माणसं राहतात. शिलालेखांतली भाषा ज्या घराण्यातली, त्याच घराण्यातली भाषा घरात बोलतात. त्यांच्या पूर्वजांचं काम दुसऱ्याच कुणीतरी केलं असं त्यांना कोण सांगणार? तू सांगशील?

तू नाही सांगणार. तू त्यांच्याही घरी चहाला बसशील आणि मक्याच्या भाकरीची कृती विचारून घेशील.

मला पुष्कळ दिवस कळत नव्हतं, तुझ्यासारख्या बाईला हे खूळ पटलं कसं? तू ज्योतिषाला दारात उभं केलं नाहीस. बुवाबाजीला हसत आलीस. प्रूफात एक अनुस्वार जास्त पडला तर पानभर शोधून काढायचीस. मग हे का? आता वाटतं, याचं उत्तर पाटीतच आहे. माणसाच्या हातून, आणि त्यातून चारचौघांसारख्या माणसाच्या हातून, मोठं काम होतं, हे तू मान्यच करत नव्हतीस. कारण ते मान्य केलं असतं तर स्वतःचंही मान्य करावं लागलं असतं. छापखाना कुणी तगवला? 'देवाची कृपा.' आमची शिक्षणं कुणी केली? 'तुमच्या बाबांची पुण्याई.' दादाला कुणी उभं केलं? 'तो हुशारच होता.' पिरॅमिड कुणी बांधला? 'वरून आले होते.' एकाच वहीत सगळ्या नोंदी, आणि जमेच्या बाजूला तुझं नाव कधीच नाही.

आता तुला आवडेल अशी गोष्ट सांगते. ती खोली सापडली कशी? १९४९ मध्ये आल्बेर्तो रूस नावाचा पुरातत्त्वज्ञ पिरॅमिडवरच्या देवळात काम करत होता. फरशीच्या एका मोठ्या दगडात त्याला ओळीनं भोकं दिसली, दगडी बुचं बसवलेली. म्हणजे हा दगड उचलण्यासाठी आहे! खाली जिना निघाला, पण दगडमातीनं गच्च भरलेला. तो उपसायला चार हंगाम लागले. जिन्याच्या कडेनं एक दगडी नळी खालपर्यंत गेलेली. खालच्या राजाचा वरच्या माणसांशी संबंध तुटू नये म्हणून. १९५२ च्या जूनमध्ये ते खोलीपाशी पोचले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मोटारीचे जॅक लावून झाकण उचललं. आत जेडचा मुखवटा घातलेला राजा. एका हातात जेडचा चौकोनी खडा, दुसऱ्यात गोल. त्या १९५२ मध्येच तिकडे लेनिनग्राडला युरी क्नोरोझॉव्ह नावाचा माणूस माया लिपी वाचायची किल्ली लेखात मांडत होता. पण ती किल्ली कुलपाला लागायला वेळ लागला. झाकण उचललं त्या दिवशी आतल्या माणसाचं नाव कुणालाच वाचता येत नव्हतं.

ते वाचलं कुणी? डिसेंबर १९७३ मध्ये पालेंकेतच अभ्यासकांची एक बैठक भरली. त्यात लिंडा शीली होती, चित्रकला शिकवणारी बाई. पीटर मॅथ्यूज होता, अजून पदवी न मिळालेला विद्यार्थी. आणि फ्लॉइड लाउन्सबरी हा मुरलेला भाषाशास्त्रज्ञ. तिघांनी एका दुपारी बसून पकालपासून पुढच्या राजांची मालिका जुळवली, तिथ्यांसकट. जुळवली हाच शब्द बरोबर आहे. तू खिळे जुळवायचीस तशीच एकेक खूण उचलून तिच्या जागी बसवायची होती. तू तिथे हवी होतीस, आत्या. मी हे थट्टेनं म्हणत नाहीये.

मग नवाच वाद. हाडं पहिल्यांदा तपासणारे म्हणाले, हा माणूस चाळीस-पन्नास वर्षांचा. शिलालेख म्हणतो ऐंशी. झालं, शिलालेख खोटा, राजानं वय वाढवून सांगितलं, असंही म्हणून झालं. जंगलातला माणूस ऐंशी वर्षं जगेल कसा? पुढे हाडांचा पुन्हा बारकाईनं अभ्यास झाला आणि तो चांगला म्हातारा होऊन गेला होता हे पटण्यासारखं निघालं. बघ, लोकांना राजाचं विमान पटतं, पण म्हातारपण पटत नाही.

२०१२ आठवतंय? जग बुडणार म्हणून तू डाळ-तांदळाचे डबे भरून ठेवले होतेस, वर म्हणत होतीस, 'माझा विश्वास नाही गं, पण असलेलं बरं.' माया लोकांचं कॅलेंडर संपतंय ना! तेव्हा मला पकालचा शिलालेख तुला वाचून दाखवायचा होता. थडग्यावरच्या त्या देवळात ६१७ चित्राक्षरांचा मजकूर आहे. देवळाचं काम त्याच्यामागे त्याच्या थोरल्या मुलानं, कान बहलामनं, पुरं केलं. त्या मजकुरात बावन्न वर्षांचं एक चक्र अशी ऐंशी चक्रं मोजून पकालच्या राज्यारोहणाची तिथी पुन्हा कधी येईल ते लिहिलंय. इसवी सन ४७७२ च्या ऑक्टोबरमध्ये! त्यांच्या एका महायुगाचा आकडा भरल्यानंतर बरोबर आठव्या दिवशी. ज्यांनी २०१२ च्याही सत्तावीसशे वर्षं पुढच्या समारंभाची तारीख काढून ठेवलीय ते तेव्हा दुकान कसं बंद करतील? हा तुझ्याउलट माणूस. स्वतःचं नाव पुसलं जाऊ नये म्हणून काळालाच कामाला लावणारा. मी काही तुला त्याच्याइतकं कर म्हणत नाही. त्याच्या हजारातला एक भाग कर.

आणि चंद्राचं म्हणशील तर ते लोक त्यालाही सोडत नव्हते. शिलालेखात तिथी लिहिली की त्या दिवशी चंद्र किती दिवसांचा होता तेही लिहायचे. पालेंकेच्या हिशेबात ८१ चांद्रमास म्हणजे २,३९२ दिवस. आजच्या यंत्रांनी काढलेल्या आकड्याच्या एवढं जवळ, की तूही प्रूफात खूण करणार नाहीस. नुसत्या डोळ्यांनी, पिढ्यान्‌पिढ्या रात्री बघून आणि लिहून ठेवून काढलेला हा आकडा. तेव्हा 'जगत राहिले यात काय' असं त्यांच्यासमोर म्हणून बघ. ते म्हणतील, बाई, चंद्र मोजलेस का? नोंद कुठे आहे?

ती मी करते आहे. सहस्रचंद्रदर्शनाच्या पत्रिकेचं प्रूफ या पत्रासोबत जोडलंय. दादानं जुनी केस काढली, खिळे घासून स्वच्छ केले, आणि आम्ही दोघांनी हातानं जुळवलं. ऑफसेटवर टाकलं नाही. तुझ्या नावाखाली एक ओळ घातली आहे: 'यांनी सन ____ पासून सन ____ पर्यंत हा छापखाना चालवला.' दादाच्या मते ती ओळ सगळ्यांत आधी यायला हवी. मी खाली ठेवली, तू पत्रिका उघडताच मिटू नयेस म्हणून. दोन्ही सालं आम्हाला नक्की माहीत नाहीत असं नाही. तरी ती जागा मुद्दाम मोकळी सोडली आहे, आणि प्रूफात मोकळी जागा तुला बघवत नाही हेही आम्हाला माहीत आहे. ओळ खोडलीस तर आम्ही ती पुन्हा जुळवू, दर वेळी एक पॉइंट मोठ्या टाइपात. तेव्हा पेन घे, दोन आकडे भर आणि प्रूफ शनिवारच्या आत परत पाठव. कागदवाला थांबलाय.

तुझी भाची